मोरव्हाँच्या पाणंदींवरून: फ्रान्समध्ये ग्रॅव्हल सायकलीचा शांत मार्ग कसा आखावा

फ्रान्समधील रस्त्यांचे जाळे सुमारे अकरा लाख किलोमीटर लांबीचे आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक रस्ते गावोगावच्या स्थानिक संस्थांच्या, म्हणजे कोम्यूनांच्या, ताब्यात आहेत. त्यात शेतातल्या, कुरणांमधल्या आणि जंगलांतल्या कच्च्या वाटा मिळवल्या, तर मोटारींची सोबत टाळून आठवडाभर ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणारी रुंद टायरांची सायकल, चालवता येईल इतके रस्ते त्या देशात सहज सापडतात. खरी अडचण असते ती असा मार्ग घरी बसून नकाशावर ओळखण्याची. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला तयार मार्ग कोणत्या ऋतूत, कोणत्या टायरवर आणि किती ओझे घेऊन चाललेला आहे हे कळायला सहसा वाव नसतो. जूनमधली छान कोरडी वाट नोव्हेंबरात चिखलाचा ओहोळ झालेली असते. म्हणून तयार मार्गाचा उपयोग संदर्भापुरता करावा आणि आपला मार्ग आपणच आखावा. येथे उदाहरणासाठी बर्गंडीतील मोरव्हाँ हा डोंगराळ प्रदेश घेतला आहे.

मोरव्हाँच का

शांत रस्त्यांसाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: वस्ती विरळ हवी, लांब पल्ल्याची वाहतूक दुसरीकडून जाणारी हवी आणि जमीन पाणी धरून न ठेवणारी हवी. मोरव्हाँमध्ये या तिन्ही गोष्टी आहेत. पॅरिस ते ल्यों हा महामार्ग या डोंगरांना पूर्वेकडून वळसा घालून जातो. आतल्या भागात शहर म्हणावे असे काही नाही. निएव्र, योन, कोत-दोर आणि सोन-ए-लुआर या चार जिल्ह्यांच्या कडा येथे एकमेकींना भिडतात आणि कोणत्याच जिल्ह्याचे मुख्य ठाणे या डोंगरांत नाही. जमीन मुख्यतः ग्रॅनाइटची आहे. ग्रॅनाइट कुजून झालेला भरड वाळूसारखा मुरूम पावसाचे पाणी लवकर खाली सोडतो आणि पावसाच्या दुसऱ्याच दिवशी वाट पुन्हा चालू होते. उत्तरेला वेझले या गावाच्या बाजूस मात्र चुनखडी आणि चिकणमाती आहे. तेथली पांढरी वाट कोरडी असताना उत्तम आणि ओली असताना साबणासारखी असते. हा फरक लक्षात ठेवला की पावसाळी अंदाज असलेल्या दिवशी कोणता टप्पा कच्च्या वाटेने न्यायचा आणि कोणता डांबरी रस्त्याने, हे आपोआप ठरते.

पावसाचा विचार येथे करावाच लागतो, कारण पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांना अडवणारा हा पहिलाच उंचवटा आहे आणि ओ-फोलँ या सर्वोच्च शिखरावर, ज्याची उंची अवघी ९०१ मीटर आहे, वर्षाला १५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु हा पाऊस चार महिन्यांत न कोसळता वर्षभर रिमझिमत असतो. मे महिन्याचा मध्य ते जूनअखेर आणि पुन्हा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. जुलै-ऑगस्टमध्ये उजेड भरपूर असतो, पण तलावांच्या काठी सुट्टीवर आलेल्यांची गर्दी होते आणि ऑगस्टमध्ये अनेक लहान दुकानदार स्वतःच रजेवर जातात.

रस्त्यांचे क्रमांक आणि त्यांनी होणारी फसगत

फ्रान्समध्ये रस्त्याच्या क्रमांकापुढील अक्षरावरून त्याचा मालक कळतो. ए म्हणजे मोटारींसाठीचा द्रुतगती मार्ग, तेथे सायकलीला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, तो सर्वत्र कायद्याने बंद नसला तरी टाळावाच. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. आणि सी किंवा व्हीसी म्हणजे कोम्यूनचा रस्ता, जो नकाशांवर बहुधा बिनक्रमांकाचा असतो. डी रस्त्यांबाबत सर्वसाधारण समजूत अशी आहे की आकडा जितका मोठा तितकी वर्दळ कमी, म्हणजे डी ६ पेक्षा डी २३६ शांत. बहुतेक वेळा हे खरे ठरते, पण त्यावर विसंबून राहू नये. २००६ च्या सुमारास केंद्र सरकारने हजारो किलोमीटरचे राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले आणि त्यांना नवे, बरेचदा सहाशे किंवा नऊशेच्या घरातले, क्रमांक मिळाले. आव्हालों गावातून जाणारा डी ६०६ हा मोठ्या आकड्याचा रस्ता पूर्वीचा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ६ आहे आणि त्यावर आजही मालमोटारी धावतात. शिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक बदलतो, त्यामुळे चार जिल्ह्यांत पसरलेल्या मोरव्हाँमध्ये केवळ आकडे पाहत मार्ग आखणारा हमखास चकतो.

क्रमांकापेक्षा रंग अधिक भरवशाचा आहे. मिशेलिनच्या कागदी नकाशांवर लाल रस्ते मुख्य, पिवळे दुय्यम आणि पांढरे स्थानिक असतात. ग्रॅव्हल सायकलस्वाराने पांढऱ्या रेषांवर राहावे आणि पिवळी रेषा केवळ ओलांडण्यापुरती घ्यावी. याच नकाशांवर चढ दाखवणारे बाणही असतात: एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के, दोन म्हणजे नऊ ते तेरा आणि तीन म्हणजे त्याहून अधिक चढ. बाणाचे टोक चढाच्या दिशेने असते. काही रस्त्यांना हिरवी किनार असते, म्हणजे तो रस्ता निसर्गरम्य मानला गेला आहे. नवखा मनुष्य अशा रस्त्याकडे धाव घेतो. माझे मत उलट आहे. हिरवी किनार असलेला वळणावळणाचा रस्ता रविवारी मोटारसायकलस्वारांना तितकाच प्रिय असतो, म्हणून तो घ्यायचाच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी नऊनंतर घ्यावा.

नकाशाचा रंगही हाताशी नसेल, तेव्हा एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: हा रस्ता कोणाला कोठे नेतो, आणि त्या माणसाला तेथे जाण्याचा याहून जलद दुसरा रस्ता आहे का? दोन बाजारगावांना जोडणारा एकमेव रस्ता कितीही अरुंद असला तरी त्यावर दूधवाला, डॉक्टर, शाळेची बस आणि कामावर जाणारी मंडळी असणारच. त्याच दोन गावांना जोडणारा, पण प्रत्येक वाडीला वळसा घालत जाणारा समांतर रस्ता जवळजवळ रिकामा असतो. डोंगराळ भागात वाहनांचा रस्ता दरीच्या तळातून जातो आणि जुनी वाट धारेवरून, त्यामुळे शांततेची किंमत चढाने मोजावी लागते. मोरव्हाँमध्ये साठ किलोमीटरच्या टप्प्यात हजार मीटर चढ सहज होतो आणि शिखरांची नावे कितीही नम्र वाटली तरी पाय दुखायचे ते दुखतातच.

दोन आंधळ्या रस्त्यांमधली पाणंद

शांत मार्गाचे खरे मर्म एका विशिष्ट आकृतीत आहे आणि ती नकाशावर शोधण्याची नजर एकदा बसली की पुढचे सगळे सोपे होते. एका बाजूने एक डांबरी रस्ता येतो आणि एखाद्या वाडीपाशी संपतो. दुसऱ्या बाजूने दुसरा रस्ता येतो आणि दुसऱ्या वाडीपाशी संपतो. आणि या दोन टोकांमध्ये किलोमीटर-दोन किलोमीटरची कच्ची वाट असते. मोटारचालकाच्या दृष्टीने दोन्ही रस्ते आंधळे, त्यामुळे त्यांवर तेथील रहिवाशांशिवाय कोणी फिरकत नाही. सायकलस्वाराला मात्र पलीकडे जाता येते. अशा पाच-सहा पाणंदी एका दिवसाच्या मार्गात ओवता आल्या, तर दिवसभरात भेटणारी वाहने बोटांवर मोजता येतात.

ही वाट शोधण्यासाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा, म्हणजे आयजीएनचा, १:२५,००० प्रमाणाचा नकाशा लागतो. तो कागदावर मिळतो आणि संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहताही येतो. या नकाशात दुहेरी रेषेची एक बाजू तुटक असेल तर तो नियमित देखभाल नसलेला रस्ता, म्हणजे बहुधा खडीचा आणि ग्रॅव्हलसाठी उत्तम. एकेरी सलग काळी रेषा म्हणजे शेताची किंवा जंगलाची गाडीवाट, जी बहुतेक वेळा चालते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, आणि ती समोच्च रेषांना काटकोनात छेदत असेल तर सायकल खांद्यावर घेण्याची तयारी ठेवावी. त्यानंतर त्याच जागेचे हवाई छायाचित्र उघडावे. वाटेवर दोन समांतर फिकट पट्टे आणि मध्ये गवताची रेघ दिसली, तर ट्रॅक्टर ये-जा करतो आणि वाट जिवंत आहे असे समजावे. झाडांच्या छत्रीखाली वाट दिसतच नसेल, तर स्ट्राव्हा या अ‍ॅपच्या उष्णता-नकाशावर, म्हणजे त्याचे वापरकर्ते प्रत्यक्ष जेथून गेले ते दाखवणाऱ्या नकाशावर, त्या जागी रेघ उमटली आहे का ते पाहावे. तेथेही काही नसेल तर ती वाट काट्यांनी गिळली असण्याचा संभव धरून जवळचा डांबरी पर्याय आधीच आखून ठेवावा. ही तपासणी कंटाळवाणी असते आणि एका दिवसाच्या मार्गाला एक संध्याकाळ सहज खाते. ती वगळून कोमूट किंवा राइड विथ जीपीएस यांसारख्या मार्ग आखून देणाऱ्या साधनावर ग्रॅव्हलचा पर्याय निवडून मोकळे होता येते; पण ही साधने ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर स्वयंसेवकांनी भरलेल्या नोंदींवर चालतात आणि ज्या वाटेच्या पृष्ठभागाची नोंद कोणी केलेलीच नाही, तेथे ती अंदाजच बांधतात.

वाट नकाशावर आहे म्हणजे ती सर्वांना खुली आहे असे नाही. ज्यांना फ्रेंचमध्ये शमँ र्युराल म्हणतात त्या पाणंदी कोम्यूनच्या मालकीच्या असून लोकांच्या वापरासाठी खुल्या असतात. शेजारच्याच, दिसायला अगदी तशाच, वाटा मात्र खासगी असू शकतात. २०२३ च्या फेब्रुवारीतील कायद्यानंतर, खासगी असल्याची स्पष्ट पाटी लावलेल्या ग्रामीण किंवा जंगलातील जमिनीत शिरणे हा दंडनीय गुन्हा झाला आहे, म्हणून ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ अशी पाटी दिसली की वाद न घालता मागे फिरावे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी खुणावलेले लांब पल्ल्याचे पदभ्रमण मार्ग आणि पिवळ्या पट्ट्यांचे स्थानिक मार्ग वाट खुली असल्याचा चांगला पुरावा देतात, परंतु ते पायी चालणाऱ्यांसाठी आखलेले असल्यामुळे मध्येच पायऱ्या किंवा खडकाळ उतार येऊ शकतो. त्रिकोण आणि त्याखाली दोन वर्तुळे ही खूण डोंगरी सायकलींच्या मार्गाची असते. तिच्या हिरव्या आणि निळ्या रंगांच्या वाटा ग्रॅव्हल सायकलीला झेपतात. लाल आणि काळ्या रंगांच्या वाटा ओझे लादलेल्या सायकलीसाठी नाहीत.

जंगलात काय अडवते

मोरव्हाँचा जवळपास निम्मा भाग जंगलाखाली आहे, आणि हे जंगल राबते जंगल आहे. सोळाव्या शतकापासून येथील लाकूड ओढ्यांतून व योन नदीतून तरंगत पॅरिसच्या चुलींपर्यंत जात असे, आणि सेताँचा मोठा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधला गेला तो या ओंडक्यांना वाहून नेण्याइतके पाणी सोडता यावे म्हणूनच. आज ओक आणि बीचच्या जोडीला डग्लस जातीच्या सूचिपर्णी झाडांची आणि नाताळसाठी विकल्या जाणाऱ्या झाडांची लागवड मोठ्या प्रमाणावर आहे. सायकलस्वारासाठी याचा अर्थ असा की गेल्या वर्षी गुळगुळीत असलेली वनवाट यंदा लाकूड ओढणाऱ्या यंत्रांच्या चाकांनी गुडघाभर खोल चरांची झालेली असू शकते. अशी वाट लांबूनच ओळखता येते: तोंडाशी ताज्या कापलेल्या ओंडक्यांची रास, जमिनीवर सालींचा लगदा आणि त्यात उमटलेले रुंद दातेरी ठसे. पहिले शंभर मीटर ढकलत गेल्यावर पुढे सुधारेल ही आशा सहसा फोल ठरते, तेव्हा तेथूनच पर्यायी रस्ता धरावा. झाडतोड चालू असल्याची पाटी असेल तर, काम थांबलेले दिसत असले तरी, आत जाऊ नये. ओंडक्यांच्या राशीवर बसून डबा खाणे हेही धोक्याचेच, कारण रास घसरते.

शिकारीचा हंगाम ढोबळमानाने सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असतो. रानडुक्कर आणि हरणांच्या हाकेची शिकार शनिवार-रविवारी अधिक होते आणि त्या वेळी रस्त्याच्या कडेला ‘शास आँ कूर’, म्हणजे शिकार चालू आहे, अशी पाटी ठेवलेली असते. पाटीपाशी उभ्या असलेल्या नारिंगी जाकिटातील माणसाला वाट मोकळी आहे का ते विचारावे, त्याने नाही म्हटल्यास डांबरी रस्ता घ्यावा आणि या महिन्यांत स्वतःही भडक रंगाचे कपडे वापरावेत. बाकी काळजी साधी आहे: गवतातून आल्यावर संध्याकाळी पायांवर गोचीड शोधून चिमट्याने काढावी, कारण लाइम हा आजार येथे आहे, कुरणाचे फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत सोडावे, आणि पांढऱ्या शारोले गाईंच्या कुरणाभोवतीची बारीक तार विजेची आहे असे गृहीत धरावे.

सायकल, टायर आणि रस्त्याचे नियम

टायर चाळीस मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावा, आणि सामान असेल तर पंचेचाळीस बरा. ट्युबलेस टायर, सत्तर किलोच्या आसपास वजनाचा स्वार आणि थोडे सामान असे गणित असेल, तर दोन ते अडीच बार हवा पुरते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवावी. पुण्यामुंबईत पीएसआयमध्ये विचार करण्याची सवय असलेल्यांनी एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय हे ध्यानात ठेवावे, कारण तेथील पंपांवर ठळक आकडा बारचा असतो. गिअरच्या बाबतीत पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगइतके, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकतीइतके, किंवा त्याहून अधिक दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला असावेत, म्हणजे सैल मुरमावरच्या बारा टक्क्यांच्या चढावर मागचे चाक न घसरता बसून चढता येते. ६५० बी आकाराची चाके असतील तर आणखी रुंद टायर बसतो. हा आकार आज ग्रॅव्हलमुळे नव्याने परिचित झाला असला तरी तो मुळात फ्रेंच पर्यटन-सायकलींचाच होता, हे तेथील जुन्या सायकलस्वारांना सांगायला फार आवडते. जादा डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग सांगाड्याला जोडणारा तुकडा), ब्रेक पॅडची एक जोडी आणि टायरची भिंत फाटल्यास आतून लावायचा तुकडा बरोबर असावा, कारण मोरव्हाँच्या दोन टोकांवरील आव्हालों आणि ओतँ या गावांच्या मध्ये सायकलीच्या दुकानावर भिस्त ठेवता येत नाही.

वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते हे सर्वांना ठाऊक असते आणि मोठ्या रस्त्यावर ते विसरलेही जात नाही; विसर पडतो तो नेमका पाणंदीतून बाहेर पडून रिकाम्या रस्त्याला लागताना, कारण तेथे समोर एकही वाहन नसते आणि शरीर जुन्या सवयीने डावीकडे जाते. म्हणून प्रत्येक कच्च्या वाटेच्या तोंडाशी क्षणभर थांबण्याची शिस्त लावून घ्यावी. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असते, मग तो लहानशा गल्लीतून येणारा ट्रॅक्टर का असेना. सायकलीला घंटी हवीच, अंधारात पुढे-मागे दिवे हवेत आणि वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जाकीट घालणे बंधनकारक आहे. कानात इअरफोन घालून सायकल चालवण्यास मनाई आहे. वाहनचालकांनी वस्तीबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवावे असा नियम आहे आणि ग्रामीण भागात तो बऱ्यापैकी पाळला जातो.

गावांच्या घड्याळाप्रमाणे दिवस

मार्ग कितीही चांगला आखला तरी दिवस बिघडतो तो उपाशीपोटी. फ्रेंच खेड्यात दुकाने दुपारी साडेबारा ते अडीच-तीनपर्यंत बंद असतात, रविवारी दुपारनंतर उघडतच नाहीत आणि सोमवारी बेकरीसुद्धा बरेचदा बंद असते. उपाहारगृहात दुपारचे जेवण बारा ते दोन याच वेळेत मिळते. अडीचला पोहोचणाऱ्याला कॉफीवर समाधान मानावे लागते. तेव्हा सकाळी आठला बेकरीतून पाव आणि काहीतरी गोड उचलावे, साडेअकराच्या सुमारास दुकान असलेले गाव येईल असा टप्पा ठेवावा, आणि सोमवारची शिदोरी रविवारी सकाळीच भरावी. दुकानात शिरताच, काहीही विचारण्याआधी, ‘बोंजूर’ म्हणणे ही तेथे केवळ औपचारिकता मानली जात नाही. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणाऱ्याला थंड उत्तर मिळते.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. मोरव्हाँ हा गोमांसाचा आणि सुकवलेल्या डुकराच्या मांसाचा प्रदेश आहे, आणि निव्वळ चीजचे वाटणारे पदार्थही नेहमी तसे नसतात: कीश आणि सॅलड यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ज्यांना लार्दों म्हणतात, सर्रास घातलेले असतात आणि वाढणाऱ्याला ते मांस म्हणून मोजण्यासारखे वाटतही नाहीत. त्यामुळे ‘साँ व्हियाँद, साँ प्वासों, साँ लार्दों’ (मांस नको, मासे नकोत, लार्दों नकोत) असे तिन्ही स्पष्ट सांगावे. अंडी चालत असतील तर ऑम्लेट आणि बर्गंडीची गुजेर नावाची चीज घातलेली फुगीर बिस्किटे मिळतात. अंडी चालत नसतील तर पाव, चीज, फळे आणि बरोबर नेलेला दाण्याचा लाडू यांवर दिवस काढण्याची तयारी असावी. पाणी गावाच्या स्मशानभूमीतील नळाला मिळते, जो उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी चालू असतो. ‘ओ नों पोताब्ल’ (पाणी पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर ते पिऊ नये. भ्रमणध्वनीला दऱ्यांत रेंज जाते, तेव्हा नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

मुक्कामासाठी गावाच्या मालकीची छोटी तंबूतळे स्वस्त आणि स्वच्छ असतात, पण अनेक केवळ मे ते सप्टेंबर चालू असतात. ‘आक्केय व्हेलो’ ही खूण असलेल्या निवासांत सायकल कुलुपात ठेवायची जागा आणि जुजबी दुरुस्तीची हत्यारे असतात. मात्र ही खूण अधिकृत सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आतील ठिकाणांनाच मिळते, त्यामुळे डोंगराच्या आत ती विरळ आहे. तेथे पदभ्रमण करणाऱ्यांसाठीची साधी निवासस्थाने अधिक कामाची.

एक मार्ग, चार दिवसांचा

पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून बर्गंडीकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांनी आव्हालोंला पोहोचता येते. प्रादेशिक, म्हणजे टीईआर, गाड्यांत सायकल बहुतेक ठिकाणी विनाशुल्क नेता येते, पण जागा मोजक्या असतात आणि उन्हाळ्यात काही प्रांतांत आगाऊ नोंदणी लागते. टीजीव्ही या अतिवेगवान गाडीने पुढेमागे प्रवास करायचा असेल तर सायकलीची जागा आधी राखून ठेवावी लागते, किंवा चाके काढून सायकल १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत बसवावी लागते.

आव्हालोंहून डी ६०६ ला न लागता थेट कुझँ नदीच्या दरीत उतरावे आणि जुन्या पाणचक्क्यांच्या काठाने पोंतोबेरपर्यंत यावे. तेथून वेझलेच्या दिशेने सरळ रस्ता आहे, पण तो पर्यटकांचा आहे. दक्षिणेकडील वाड्यांमधून वळसा घेतला तर अंतर थोडे वाढते आणि टेकडीवरचे ते मठमंदिर, जे १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, लांबून अनेकदा दिसत राहते. वेझलेहून सँ-पेर आणि क्युर नदीवरील पिएर-पेर्त्युई हे गाव घेत पहिला मुक्काम कारे-ले-तोंबला करावा, जेथे चर्चभोवती मध्ययुगाच्या आरंभीच्या दगडी शवपेट्या ओळीने मांडलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पिएर-की-व्हीरच्या बेनेडिक्टाइन मठापाशी जंगलात शिरावे आणि वनवाटांनी सँ-ब्रिसोंला, म्हणजे प्रादेशिक निसर्ग उद्यानाच्या मुख्यालयाला, पोहोचावे. तेथील माहितीकक्षात कोणत्या वाटेवर झाडतोड चालू आहे हे विचारून पुढचे दोन दिवस नक्की करावेत. घरून केलेली सगळी तपासणी या एका प्रश्नापुढे दुय्यम आहे. गुलूचा धबधबा पाहून सेताँच्या तलावाकाठी मुक्काम होतो. हा दिवस अंतराने लहान आहे आणि तो लहानच ठेवावा, कारण तिसरा सर्वांत कठीण: प्लाँशेमार्गे ओ-फोलँच्या सूचिपर्णी जंगलात चढून पलीकडे मों बव्रेच्या पायथ्याशी उतरायचे असते. या ८२१ मीटर उंचीच्या डोंगरावर बिब्राक्त नावाचे, रोमनपूर्व फ्रान्समधील गॉल लोकांचे तटबंदीचे नगर होते आणि इ.स.पू. ५२ मध्ये व्हेर्सिंजेटोरिक्स या गॉल सरदाराला रोमन सेनापती सीझरविरुद्धचे नेतृत्व येथेच बहाल झाले. माथ्याकडचा चढ तीव्र आहे. सामान पायथ्याशी ठेवून गेल्यास उत्खननाची जागा आणि संग्रहालय पाहण्याइतके श्वास शिल्लक राहतात.

चौथ्या दिवशी ओतँ. रोमन वेशी, जानुसचे म्हणून ओळखले जाणारे उंच मंदिर आणि सँ-लाझार कॅथीड्रल यांच्यासाठी निम्मा दिवस राखून ठेवावा.

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या दर चार वर्षांनी होणाऱ्या बाराशे किलोमीटरच्या सायकलफेरीसाठी पुण्यामुंबईहून जाणारे अनेक रँदोनर, म्हणजे लांब पल्ल्याचे सायकलस्वार, आता दिसतात, आणि २०२७ साठी तयारी करणाऱ्यांपैकी काहींच्या मनात फेरीनंतर आठवडाभर राहण्याचा विचार असेल. त्यांनी हा मार्ग जरूर घ्यावा, मात्र ब्रेव्हेची, म्हणजे अशा लांब पल्ल्याच्या फेरीची, सडपातळ टायरांची सायकल येथे उपयोगी नाही. निदान बत्तीस मिलिमीटरचा टायर बसत असेल तर कच्चे तुकडे वगळून पांढऱ्या रस्त्यांवरची आवृत्ती आखावी. नाहीतर पॅरिसमधूनच ग्रॅव्हल सायकल भाड्याने घेणे सोपे.

परतीसाठी ओतँहून आरू नदीच्या दरीने सुमारे पंधरा किलोमीटर खाली एताँ-स्युर-आरूला यावे. हे स्थानक दिजों–नव्हेर लोहमार्गावर आहे. नव्हेरहून पॅरिस-बेर्सीला थेट गाड्या आहेत, पण त्यांतील इंटरसिटी गाड्यांना सायकलीचे वेगळे आरक्षण लागते, आणि शुक्रवार-रविवारच्या संध्याकाळी त्या जागा लवकर भरतात, म्हणून हे तिकीट सहलीच्या आधीच काढावे.